नजरअंदाज

मराठवाड्याच्या महसुली दप्तरात 'नजरअंदाज' नावाचा एक शब्द आहे. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, उभी पिके अद्याप कापणीस आलेली नसताना, तलाठी आणि मंडळ अधिकारी शिवारात फिरून पिकाकडे नुसते पाहून त्याचा जो अदमास बांधतात, आणि सुधारित व अंतिम आकड्यांच्या आधी जो आकडा तहसील कचेरीकडे रवाना करतात, त्याला नजरअंदाज पैसेवारी म्हणतात. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ज्या मुलखाचा राज्यकारभार उर्दूतून चालला, त्या नांदेड-लातूरकडील जुन्या माणसांना याच शब्दाचा दुसरा अर्थही तितकाच परिचयाचा होता. उर्दूत नजरअंदाज करणे म्हणजे पाहून न पाहिल्यासारखे करणे, सरळ सरळ दुर्लक्ष करणे. पाहण्याचे आणि न पाहण्याचे काम एकाच शब्दाकडे सोपविणारी ही भाषा मोठी हिकमती म्हटली पाहिजे. ज्या भूमीकडे सरकारने दीडदोनशे वर्षे दुरून पाहिले, कधी टेकडीवरून, कधी घोड्यावरून आणि पुढे नऊशे किलोमीटर उंचीवरून पाहिले, तिचा इतिहास या दोन अर्थांच्या दरम्यान कोठेतरी पडून राहिला आहे.

दुरून पाहण्याचा पहिला मोठा उद्योग या भागात कंपनी सरकारच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने केला. १८०२ साली मद्रासेहून निघालेल्या विल्यम लॅम्बटनने निजामाच्या राज्यात शिरून बिदरनजीकच्या दामरगिद्याच्या माळावर १८१५ साली एक आधाररेषा मोजून घेतली, आणि तेथून उत्तरेकडे, अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आगेमागे, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत वऱ्हाडच्या दिशेने जावयाचे ठरले. ती माळ गोदावरीचे खोरे ओलांडून, म्हणजे आजच्या नांदेड जिल्ह्याच्या परिसरातूनच, पुढे सरकली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट टेकड्यांच्या माथ्यावर चढवावयाचा, पंचवीस-तीस मैलांवरच्या दुसऱ्या टेकडीवर निशाण किंवा रात्री दिवा लावावयाचा, आणि कोन मोजावयाचे, असा हा प्रकार होता. ज्या प्रदेशाला पाय न लावता त्याचे अंतर सांगता येते, त्या प्रदेशाच्या ज्ञानाला त्या काळी जादूची कळा आली असल्यास नवल नाही. परंतु ही जादू करणाऱ्यांना जंगलातील ताप मात्र दुरून लागत नसे. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला आणि त्याचे काम, त्याच्या तापासकट म्हणा, जॉर्ज एव्हरेस्टच्या अंगावर पडले.

या मोजणीतून नकाशे निघाले, पण कोणाच्या शेतात काय उभे आहे हे त्यांतून समजत नव्हते आणि सरकारला खरी गरज त्याचीच होती. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, मक्तेदारांच्या हातची वसुली काढून अव्वल तालुकदार, तहसीलदार, गिरदावर, पटवारी अशी उतरंड उभी केली, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात बंदोबस्ताची मोजणी सुरू झाली. शेताच्या बांधावरून शंकुसाखळी फिरली. तेहतीस फूट लांब आणि तितक्याच रुंद जमिनीचा एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे परिमाण इथल्या कुणब्याच्या जिभेवर असे बसले की आजही मीटर-हेक्टरांना त्याने मनापासून घरात घेतलेले नाही. या उतरंडीतील गिरदावर या हुद्द्याकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे. गिर्द म्हणजे भोवती. जो आपल्या हलक्यातील गावांभोवती ठराविक मुदतीने फेरी घालतो आणि पटवाऱ्याने लिहिलेले पाहणीपत्रक शेताशी ताडून पाहतो, तो गिरदावर. हा हुद्दा या इतिहासात पुढे पुन्हा येणार आहे, तो निराळ्याच वेषात.

मुंबई इलाख्यात याच कामाला आणेवारीचे रूप आले होते. भरघोस पीक ते सोळा आणे, आणि त्या हिशेबाने यंदाचे पीक किती आणे, हे पाहून ठरवावयाचे. ते एका मर्यादेच्या खाली उतरले तर साऱ्याची तहकुबी. वरवर पाहता निरुपद्रवी वाटणारी ही आणेवारी केवढे रण माजवू शकते हे १९१८ साली खेडा जिल्ह्यात दिसून आले. पीक चार आण्यांच्या आत आहे की वर, एवढाच काय तो तंटा. रयत म्हणे आत, कलेक्टर म्हणे वर. गोपाळ कृष्ण देवधरांसारख्या भारत सेवक समाजाच्या मंडळींनी गावोगाव चौकशी केली, गांधींनी सत्याग्रह आरंभिला, आणि साऱ्या वादाच्या मुळाशी दोन माणसांनी एकाच शेताकडे पाहून केलेले दोन अंदाज होते. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात सामील झाला, पुढच्याच वर्षी दशमान नाणी आली आणि कालांतराने आण्यांची जागा पैशांनी घेतली. पन्नास पैशांच्या आत पीक असेल तर दुष्काळाच्या सवलती, हा दंडक झाला. नाणे बदलले तरी पाहणारे डोळे मात्र पूर्वीचेच राहिले.

आणि त्यानंतर १९७२ साल उजाडले.

त्या वर्षीच्या पावसाची हकीकत मराठवाड्यातील कोणत्याही साठीपलीकडच्या माणसाला विचारावी. आधीची दोन वर्षे ओढगस्तीची गेलेली, त्यात मृग गेला, आर्द्रा गेल्या, आणि आभाळ नुसते भरून येऊन रिते होत राहिले. औशाच्या, अहमदपूरच्या, मुखेड-कंधारच्या माळांवर जोंधळ्याचे पीक गुडघ्याला लागण्याआधीच पिवळे पडले. विहिरींचे तळ दिसू लागले. गुरे बाजारात मातीमोल झाली. आणि खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या व रस्त्यांच्या कामांवर बायाबापड्यांची रीघ लागली. मुलांना सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, ज्याच्या भाकरीची चव त्या पिढीने पुढे कधी विसरली नाही आणि कधी वाखाणलीही नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली होती. रोजगार हमीची योजना याच उन्हात रुजली.

आता योगायोग पाहा. ज्या महिन्यात इकडे कुणबी आभाळाकडे डोळे लावून बसला होता, त्याच महिन्यात, २३ जुलै १९७२ रोजी, ज्या अमेरिकेतून मिलो आला तिच्याच कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग येथून एक उपग्रह सोडण्यात आला, आणि तो आभाळातून जमिनीकडे डोळे लावून फिरू लागला. त्याचे प्रथमचे नाव ईआरटीएस, पुढे लँडसॅट. केवळ जमीन, पाणी आणि वनस्पती न्याहाळण्यासाठी घडविलेला हा पहिला उपग्रह सुमारे नऊशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवाकडून ध्रुवाकडे जात, दर अठरा दिवसांनी त्याच गावावर परत येई. हा तर गिरदावरच झाला! फरक एवढाच की त्याचा हलका सबंध पृथ्वीचा होता, आणि त्याचे पाहणीपत्रक वाचण्याची विद्या इकडे अजून कोणत्याही कचेरीत पोहोचलेली नव्हती. नांदेडच्या कलेक्टर कचेरीतील आणेवारीच्या तक्त्यांना आणि त्या उपग्रहाच्या चुंबकीय फितींना एकमेकांची खबर असण्याचे कारणच नव्हते.

तो नेमके काय पाहत होता, हे समजून घेतल्याखेरीज पुढील कथा नीट लागणार नाही. सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो आणि प्रत्येक वस्तू त्यातील काही भाग गिळते, काही परत धाडते. हिरवे पान तांबडा आणि निळा प्रकाश अन्न करण्यासाठी घेते, थोडा हिरवा परत देते, म्हणून ते आपल्याला हिरवे दिसते. परंतु तांबड्याच्या पलीकडे जो अवरक्त प्रकाश आहे, जो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, तो निरोगी पान आपल्या पेशींच्या रचनेमुळे फार मोठ्या प्रमाणात उलट फेकते. पाणी तोच अवरक्त प्रकाश जवळजवळ संपूर्ण गिळून टाकते. आमची काळी रेगूर जमीन सगळेच थोडे थोडे परत देते, कृपणासारखी. मुरमाड माळ त्यापेक्षा उदार. म्हणजे प्रत्येक वस्तूची प्रकाशातील एक सही असते, आणि निरनिराळ्या पट्ट्यांत तो प्रकाश मोजणारे यंत्र आकाशात ठेवले तर त्या सह्या ताडून पाहता येतात. यंत्राने टिपलेला अवरक्त पट्टा डोळ्यांना दिसावा म्हणून चित्रात त्याला तांबडा रंग देतात. त्यामुळे या मिथ्यावर्णी चित्रांत उभे पीक लालभडक, पाणी काळेनिळे आणि नांगरलेली काळी राखाडी-निळसर दिसते. किनवट-माहूरकडील सागवानी जंगल डिसेंबरात तांबूस आणि पानगळीनंतर एप्रिलमध्ये राखेच्या रंगाचे दिसते, तर कंधारचा जगत्तुंग सागर, राष्ट्रकूटांच्या काळापासून तेथे असलेला, एका काळ्या ठिपक्यासारखा. १९७३ साली टेक्सासमधील संशोधकांनी अवरक्त आणि तांबड्या प्रकाशाच्या मोजमापांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागण्याची एक साधी युक्ती काढली. भागाकार एकाकडे झुकला तर हिरवाई दाट, शून्याकडे सरकला तर माळ उघडा, आणि शून्याखाली गेला तर बहुधा पाणी किंवा ढग. पुढच्या पन्नास वर्षांत जगभरचे दुष्काळ याच भागाकाराने मोजले गेले. आणेवारीची ही आकाशीय आवृत्ती तिच्या कर्त्यांना आणेवारी हा शब्द ठाऊक नसताना जन्मली.

भारतात या विद्येचा पाया घालणारे पिशारोथ रामा पिशारोटी हे मुळात हवामानशास्त्रज्ञ. पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते संस्थापक संचालक. १९७० च्या सुमारास त्यांनी केरळात माडांना लागलेल्या मुळांच्या मर रोगाची छायाचित्रे हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर घेतली. रोगट झाडाचे पान डोळ्याला हिरवे दिसत असतानाच त्या फिल्मवर वेगळे उमटत असे. १९७४ साली हैदराबादेत राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था स्थापन झाली आणि १९७९ पासून तेथून जवळच शादनगरला लँडसॅटची चित्रे थेट उतरू लागली. जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. १९४८ नंतर मराठवाड्याने हैदराबादचे राज्य झुगारले, १९५६ नंतर त्याची दप्तरेही तेथून हलली. आणि तीस वर्षे लोटण्याच्या आत मराठवाड्याच्या शेताशेताचे चित्र पुन्हा त्याच हैदराबादेत जमा होऊ लागले. इतिहासाला असल्या थट्टा सुचतात.

संवेदन हा शब्दही मोठा सूचक आहे. ज्याने कोणी हे पारिभाषिक नाव योजले त्याच्या मनात केवळ ग्रहण हा अर्थ असावा, परंतु मराठीत संवेदनेला वेदनेचा शेजार आहे, आणि दूर राहून वेदना कळणे हे शास्त्राला काय, माणसालाही क्वचितच साधते.

१७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत संघातील बैकनूर येथून भारताचा स्वतःचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, आकाशात गेला. ९०४ किलोमीटर उंची, दर २२ दिवसांनी तेच गाव, आणि गावावरून जाण्याची वेळ सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे बरोबर कचेऱ्या उघडण्याच्या वेळेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका ७२.५ मीटर बाजूचा होता, दुसऱ्याचा ३६.२५ मीटरांचा. हे आकडे शहरी वाचकाला काही सांगणार नाहीत, म्हणून ते शंकुसाखळीच्या भाषेत उतरवून पाहू. पहिल्या लँडसॅटचा ठिपका सुमारे दीड एकराचा होता. आयआरएसच्या पहिल्या कॅमेऱ्याचा एक एकर बारा गुंठ्यांचा, आणि दुसऱ्याचा तेरा गुंठ्यांचा. त्या ठिपक्याच्या पोटात जे काही असेल, अर्धी तूर, अर्धी पड, एक बांध, एक बाभूळ आणि एक खोपटे, त्या सर्वांचा प्रकाश मिळून एकच आकडा होई. ज्या मुलखात वाटण्या होऊन होऊन चार भावांच्या नावावर प्रत्येकी वीस गुंठे राहिले आहेत, तेथे हा गिरदावर चौघांचे मिळून शेत पाही, पण भावाभावांतील बांध त्याला दिसत नसे.

पीक दिसो न दिसो, दगड मात्र त्याला उत्तम दिसला. १९८६ साली केंद्र सरकारने पिण्याच्या पाण्याचे अभियान हाती घेतले, त्यात अंतराळ विभागाने देशातील जिल्ह्यांचे भूजलाचे नकाशे अडीच लाखांस एक या प्रमाणात करून दिले. त्याच वर्षाच्या आगेमागे पडलेल्या दुष्काळाने या कामाला घाई आणली. आणि १९८८ मध्ये नागपूरला महाराष्ट्राचे स्वतःचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. या नकाशांत लातूर आणि नांदेड यांच्यातील एक जुना भेद लख्ख उमटला. लातूरचा सबंध जिल्हा लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेल्या काळ्या पाषाणाचा. नांदेडचा पश्चिम भागही तसाच. परंतु पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे आणि किनवटच्या बाजूला तो पाषाण विरळ होत संपतो आणि कितीतरी अधिक प्राचीन ग्रॅनाइट जमिनीवर डोके काढतो. पायऱ्यापायऱ्यांचे सपाट माथे संपून गोलमटोल शिळांचे माळ सुरू होतात. देगलूरकडे विहीर खणणाऱ्या वडाराला हा भेद सुरुंगाच्या आवाजावरून ठाऊक होता. चित्रात तो पोतावरून ओळखता येऊ लागला. काळ्या पाषाणात पाणी साठते ते थरांमधल्या सच्छिद्र भागात, मुरमात आणि भेगांत. या भेगा जमिनीवर मैलोगणती सरळ रेषांसारख्या उमटतात. नाला एकाएकी काटकोनात वळतो, बाभळींची एक ओळ उन्हाळ्यातही हिरवी राहते, मातीचा रंग एका रेषेवर बदलतो. बांधावर उभ्या माणसाला यातले एखादेच चिन्ह दिसते. वरून सगळी चिन्हे एका ओळीत येतात, आणि ती रेषा जेथे दुसऱ्या रेषेला छेदते तेथे कूपनलिका घ्यावी, असा सल्ला भूजल सर्वेक्षणवाले देऊ लागले. नारळ हातावर ठेवून पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांचा धंदा त्यामुळे बसला असे मात्र नाही. दोघांच्याही सल्ल्याने कोरड्या गेलेल्या बोअरची संख्या सांगायला दोघेही नाखूष असतात.

याच रेषांनी पाच वर्षांनंतर एक भलताच अर्थ धारण केला. १९९२ च्या पावसाळ्यात औसा तालुक्यातील किल्लारीला जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली, हलके धक्के बसले, काही माणसे बाहेर निजू लागली, आणि मग काही होत नाही असे पाहून घरात परतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती पाण्यात सोडून दमून निजलेल्या गावांवर, ३ वाजून ५६ मिनिटांनी घरे कोसळली. ६.२ तीव्रतेचा तो भूकंप जगाच्या मानाने फार मोठा नव्हता; परंतु तो अगदी उथळ होता, आणि वर धोंड्यामातीच्या दोन दोन हात रुंद भिंती व त्यांवर मातीच्या भाराची माळवदे होती. उन्हाळ्यात जी घरे गारवा देत, त्यांनीच माणसे गाडली. सरकारी गणती आठ हजारांच्या आसपास आहे. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे पार जमीनदोस्त झाली.

त्या सकाळी आकाशात आयआरएस-१ए होता आणि १९९१ साली सोडलेला त्याचा जुळा भाऊ १बी होता. पण तेरा गुंठ्यांच्या ठिपक्यात किल्लारीची एक सबंध आळी मावते. उभी माळवदे आणि पडलेली माळवदे यांची माती तीच, दगड तोच, रंगही तोच. प्रकाशातील सही बदलली नाही. माणसे मेल्याने पृथ्वीचा रंग पालटत नाही, हे त्या यंत्राच्या दृष्टीने निव्वळ खरे होते. खबर आली ती वाचलेल्यांनी आणि रस्त्याने धावलेल्यांनी आणली; हाताने ढिगारे उपसले गेले.

शास्त्राचे काम नंतर सुरू झाले. स्थिर, अचल म्हणून ज्या दख्खनच्या पठाराची पाठ्यपुस्तकांत ग्वाही दिलेली असे, तेथे हे घडले कसे, हा प्रश्न साऱ्या जगातील भूशास्त्रज्ञांना पडला होता. उपग्रहाची जुनी चित्रे पुन्हा काढली गेली, तेरणेच्या खोऱ्यातील रेषा पुन्हा तपासल्या गेल्या. किल्लारीजवळ शेतातून गेलेली जमिनीची उपट माणसांनी चालत जाऊन मोजली. परंतु काळ्या पाषाणाच्या जाड पांघरुणाखाली काय आहे, ते प्रकाशाला कळत नाही. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडले. ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचे थर, त्याखाली लाव्हापूर्व काळातील गाळाचा अवघा आठेक मीटरांचा थर, आणि मग पुरातन पट्टिताश्म, अशी या भूमीची उभी वंशावळ प्रथमच हाती आली. नऊशे किलोमीटर वरून जे दिसले नाही, ते सहाशे मीटर खाली उतरून पाहावे लागले.

आणखी एक चुटपुट लावणारी गोष्ट याच वर्षाची. किल्लारीच्या अवघे दोन महिने आधी, जुलै १९९३ मध्ये, फ्रेंच संशोधकांनी कॅलिफोर्नियातील १९९२ च्या भूकंपाने सरकलेली जमीन उपग्रहावरील रडारने मोजून दाखविली होती. रडार सूर्यावर विसंबत नाही. ते आपलीच लहर पाठवते, जमिनीवरून परतलेली लहर झेलते, आणि भूकंपाआधीच्या व नंतरच्या दोन लहरींतील कलाभेद ताडून जमीन किती सेंटीमीटर हलली ते सांगते. ढग आडवे आले तरी त्याला अडचण नाही. हे तंत्र जगात नुकतेच पाळण्यात होते तेव्हा किल्लारी घडले. आज त्या जातीचे भारताचे व अमेरिकेचे मिळून केलेले निसार नावाचे यंत्र, ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले, दर बारा दिवसांनी या भागावरूनही जाते. नव्या चित्रांत पुनर्वसित किल्लारी काटकोनी रस्त्यांच्या चौकटीत मांडलेली दिसते. जुन्या गावठाणांच्या वेड्यावाकड्या आळ्या तशा कोणत्याही चौकटीत बसत नव्हत्या.

दुष्काळाच्या पाहणीत उपग्रहाचा प्रवेश त्याआधीच, १९८९ साली झाला होता. राष्ट्रीय पातळीवर पिकांच्या दुष्काळाचा पंधरवडी अंदाज देण्याची पद्धत तेव्हा सुरू झाली, ती अमेरिकी हवामान उपग्रहाच्या चित्रांवर. त्यांचा ठिपका किलोमीटरभराहून थोडा मोठा, म्हणजे जवळजवळ तीनशे एकरांचा. त्याच्या पोटात एक वाडी शिवारासह बुडून जावी. जिल्ह्याचा सूर त्यावरून कळे, गावाचा नाही. त्यामुळे तलाठ्याची पैसेवारी जशीच्या तशी चालू राहिली, आणि ते बरेच झाले असे मी म्हणेन, कारण तिच्यात लबाडी शिरत असली तरी तिच्याशी भांडता येत असे. पन्नासच्या आत आकडा आणण्यासाठी गावाने मोर्चा काढावा, पन्नासच्या वर ठेवण्यासाठी वरून इशारा यावा, आणि मध्ये तलाठ्याने आपली नजर सांभाळावी, ही खेडा जिल्ह्याचीच लढाई गावोगाव चालूच होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी संपले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, मार्चमध्ये पाणवठ्यांवर जमावबंदी लागू करावी लागली, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली जलदूत गाडी लातूर स्थानकात शिरली; दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. त्या वर्षीच्या प्रसंगाचे चित्रण जगभर झाले. परंतु ज्या कोणाला मांजरा खोऱ्याची मागील वर्षांतली उपग्रह-चित्रे क्रमाने लावून पाहण्याची सवड आहे त्याला या गोष्टीचा पूर्वार्धही दिसेल. ऐन उन्हाळ्यात सबंध मुलूख राखेचा झालेला असताना नदीकाठी जे लालभडक तुकडे चमकतात ते उसाचे आणि बागायतीचे. यंत्राला कारखान्याचा अध्यक्ष ठाऊक नाही आणि मतदारसंघही ठाऊक नाही. ते लाल दिसले तर लालच दाखविते. या बाबतीत मात्र मी या आकाशस्थ गिरदावराला कोणत्याही चौकशी समितीपेक्षा अधिक मान देतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने दुष्काळाची नवी संहिता काढली आणि महाराष्ट्राने ती २०१७ साली स्वीकारली. शंभर वर्षे चालत आलेल्या आणेवारीला दुष्काळ ठरविण्याच्या स्थानावरून खाली उतरविण्यात आले. आता प्रथम पावसाची तूट पाहावयाची, मग पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, जलाशय व भूजल, आणि उपग्रहाने मोजलेली हिरवाई. ही हिरवाई मोजण्याची रीत वाचली तेव्हा मला हसू आले. त्याच जागेची, त्याच पंधरवड्याची मागील पुष्कळ वर्षांतील सर्वोत्तम हिरवाई म्हणजे शंभर, सर्वांत वाईट म्हणजे शून्य, आणि यंदाची त्यांच्या दरम्यान कोठे बसते ते पाहावयाचे. सोळा आणे पीक कशाला म्हणायचे हा खेडा जिल्ह्यातला प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला होता, फक्त सोळाचे शंभर झाले होते आणि स्मरण पाटलाऐवजी यंत्राचे होते.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी या रीतीने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. नागपूरच्या केंद्राच्या 'महामदत' या प्रणालीवर तालुक्यातालुक्याचे आकडे चढले. यादीबाहेर राहिलेल्या तालुक्यांतून जी ओरड झाली ती खोटी नव्हती, आणि पुढे मंडळवार सवलती जाहीर कराव्या लागल्या. अडचण अशी की लातूरकडील खरिपाचा राजा आता सोयाबीन आहे. ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली तर फूल गळते, शेंग धरत नाही, पण पुढच्या एका सरीने पाला पुन्हा तरतरीत होतो. वरून पाहणाऱ्याला शेत हिरवेगार. आत दाणा नाही. भागाकार हिरवाईचा असतो, धान्याचा नसतो. शिवाय खरिपाच्या महिन्यांत आभाळ झाकलेले. साध्या कॅमेऱ्याला ढगाखेरीज काही दिसत नाही, म्हणून २०१२ पासून भारताने रडारचे उपग्रहही या कामाला जुंपले आहेत.

संहिता लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती, असे म्हटले पाहिजे. म्हणूनच तिच्यात एक पायरी ठेवलेली आहे, जिला सरकारी मराठीत सत्यमापन हे भारदस्त नाव आहे. यंत्राने शंका दाखविलेल्या तालुक्यातील शेकडा दहा गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडावयाची, आणि तेथे माणसे पाठवून शेत पाहावयाचे. आता कृषी सहायक, तलाठी आणि ग्रामसेवक असे तिघे जण हातात फोन घेऊन शिवारात येतात. बांधावर उभे राहून अक्षांश-रेखांश नोंदवतात. २०१५ पासून युरोपचा जो सेंटिनल उपग्रह फिरतो त्याचा ठिपका दहा मीटरांचा, म्हणजे शंकुसाखळीच्या जवळजवळ एका गुंठ्याचा, आणि ते उभे असतात तोच गुंठा चित्रात कोठेतरी नोंदलेला असतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच हे करावयाचे आहे. पाहणीपत्रक लिहिण्याचे पटवाऱ्याचे काम शंभर-दीडशे वर्षांनी कुणब्याच्याच हाती आले, पण फोनला रेंज असेल तर.

शेतधनी सोबत असतो. पाला हिरवा आहे हे तिघांनाही दिसते, आणि फोटोतही तेच येते. मग त्यांच्यातला कोणी एक जण वाकतो, एक शेंग तोडतो, अंगठ्याच्या नखाने ती उकलून तळहातावर धरतो, आणि चौघेही त्या तळहातावर वाकून पाहतात.